विद्यापीठाचं व्हीपीएन बदलतंय: जुनं बंद होण्याआधी काय काय उरकायचं

व्हीपीएन म्हणजे घरून विद्यापीठाच्या आतल्या नेटवर्कमध्ये जायची सुरक्षित वाट. ती बदलायची असली की येणारं परिपत्रक तीन-चार ओळींचं असतं. ‘सर्व विभागप्रमुख, शिक्षक व संशोधक विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, सध्याची व्हीपीएन सुविधा अमुक तारखेपासून बंद करण्यात येत असून नवीन सुविधेसाठी तत्काळ नोंदणी करावी.’ खाली सही-शिक्का. विभागाच्या ग्रुपवर ते पडतं, दहा-बारा जण अंगठा टाकतात आणि विषय मागे पडतो. तारीख उलटून गेल्यावर रात्री साडेदहाला नारायणगावहून नाहीतर बार्शीहून फोन येतो, ‘‘मॅडम, क्लस्टरला लॉगिनच होत नाहीये. सोमवारी माझं सिनॉप्सिस आहे.’’

मी पुण्यातल्या एका विद्यापीठात विभागाच्या संगणकांचं काम बघते. जुनं व्हीपीएन जाऊन नवीन येण्याचा काळ मी दोनदा जवळून पाहिलाय. दोन्ही वेळा विद्यार्थी अडकले, आणि जवळपास सगळे एकाच कारणाने अडकले: जी कामं कॅम्पसवर बसून दहा मिनिटांत झाली असती, ती गावी गेल्यावर करायला घेतली. तुमच्याकडे सिस्कोचा क्लायंट (व्हीपीएन जोडणारं सॉफ्टवेअर) असो, फोर्टीक्लायंट असो, ग्लोबलप्रोटेक्ट असो की ओपनव्हीपीएन, बटणं वेगवेगळी असतील. गाडी अडते ती ठरलेल्या जागीच. त्या जागा इथे क्रमाने घेते.

परिपत्रकात न लिहिलेलं

‘व्हीपीएन बदललं’ म्हणजे चारपैकी एक किंवा अनेक गोष्टी बदललेल्या असतात: सर्व्हरचा पत्ता, लॅपटॉपवरचं अ‍ॅप, लॉगिनची पद्धत, आणि तुमच्या इंटरनेटची वाट. पहिल्या तीन लगेच लक्षात येतात, कारण त्या जमल्या नाहीत तर आत जाताच येत नाही. चौथी कळत नाही आणि सगळ्यात जास्त घोळ तीच घालते. तिच्यावर पुढे सविस्तर लिहिलंय.

बदल का करावा लागतो, हेही माहीत असू द्या, म्हणजे ‘चालू होतं ते कशाला बंद केलं’ असा राग येणार नाही. बऱ्याच संस्थांमध्ये वर्षानुवर्षं पीपीटीपी किंवा एलटूटीपी या पद्धती चालत आल्या. पीपीटीपी नव्वदच्या दशकातली. तिच्यात पासवर्ड तपासण्याची जी रीत सर्रास वापरली जायची, ती एका दिवसाच्या आत फोडता येते, हे २०१२ मध्ये जाहीरपणे दाखवलं गेलं. अ‍ॅपलने २०१६ मध्ये आयफोन आणि मॅकमधून पीपीटीपी काढून टाकली. अँड्रॉइड १२ पासून फोनच्या सेटिंग्जमध्ये या दोन्ही पद्धतींची नवी जोडणी करता येत नाही. मायक्रोसॉफ्टनेही २०२४ मध्ये विंडोज सर्व्हरच्या पुढच्या आवृत्त्यांमधून या दोन्ही काढणार असल्याचं सांगितलं. म्हणजे संगणक केंद्राने काही केलं नसतं, तरी नवा अँड्रॉइड फोन घेतल्यावर तुमचं जुनं व्हीपीएन बंदच पडलं असतं.

अ‍ॅपचं नाव बदललं म्हणूनही गोंधळ होतो. सिस्कोच्या एनीकनेक्टचं नाव २०२२ मध्ये सिक्युअर क्लायंट झालं. परिपत्रकात एक नाव आणि लॅपटॉपवर दुसरं दिसलं, तर लगेच काही चुकलं असं समजू नका. आधी आवृत्ती बघा.

तुम्हाला व्हीपीएन खरंच लागतं का?

हा प्रश्न आधी सोडवा. निम्मे लोक इथेच मोकळे होतात.

फक्त शोधनिबंध वाचायचे असतील, तर बहुधा लागत नाही. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राची इन्फेड नावाची व्यवस्था आहे. तुमचं विद्यापीठ तिच्यात असेल, तर प्रकाशकाच्या साइटवर संस्थेमार्फत लॉगिन करण्याचा पर्याय निवडायचा, यादीतून विद्यापीठ शोधायचं आणि आपला विद्यापीठाचा आयडी द्यायचा. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ ला ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स आहेत आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. सरकारी विद्यापीठं आणि संशोधन संस्था त्यात येतात, आणि तिचं कामही इन्फ्लिबनेटच बघतं. त्यामुळे वाचण्यापुरतं ग्रंथालयात जाऊन विचारा, ‘‘घरून लॉगिन करायला माझं खातं चालू आहे का?’’ खातं नसेल तर तिथेच उघडून घ्या. विद्यापीठाची मेल गूगल किंवा मायक्रोसॉफ्टवर असेल, तर तिलाही व्हीपीएन लागत नाही.

लागतं ते यासाठी: प्रयोगशाळेतल्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने जायला, क्लस्टरवर (मोठ्या गणितांसाठी जोडलेल्या अनेक संगणकांवर) एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा टाइप करण्याच्या सुरक्षित पद्धतीने, लॉगिन करायला, विभागाच्या फाइल सर्व्हरसाठी, कॅम्पसच्या आतच उघडणाऱ्या परीक्षा किंवा लेखा विभागाच्या पानांसाठी, आणि लायसन्स सर्व्हरसाठी. शेवटचं हमखास विसरलं जातं. मॅटलॅब किंवा तसलं एखादं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर असलं, तरी उघडताना ते विद्यापीठाच्या सर्व्हरकडे परवाना मागतं. व्हीपीएन नसेल तर ते उघडतच नाही, आणि विद्यार्थी सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून तीन-तीनदा काढून टाकत बसतो.

कागद घ्या आणि यातलं आपल्याला काय लागतं ते लिहा. प्रत्येकापुढे त्या मशीनचं नाव किंवा पत्ता टाका. हे पत्ते जुन्या अ‍ॅपमध्ये किंवा रिमोट डेस्कटॉपच्या यादीत साठवलेले असतात, आणि जुनं अ‍ॅप काढलं की कधी कधी त्याच्याबरोबर जातात.

नोंदणी कॅम्पसवर असतानाच

नव्या सुविधेत पासवर्डनंतर दुसरी पायरी असतेच असं धरून चाला. बहुतेक ठिकाणी फोनवरच्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला सहा आकडी कोड द्यावा लागतो. हा कोड दर ३० सेकंदांनी बदलतो. तो फोनमध्येच तयार होतो, त्यामुळे त्याला रेंज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. गावाकडे एसएमएसचा ओटीपी यायला दहा मिनिटं लागतात, तिथे हा कोड बिनबोभाट चालतो. एसएमएस आणि अ‍ॅप असे दोन पर्याय दिले असतील, तर डोळे झाकून अ‍ॅप घ्या.

पण त्यातली मेख नीट समजून घ्या. नोंदणीच्या वेळी पडद्यावर जो क्यूआर कोड येतो, त्यात एक गुप्त किल्ली असते आणि ती त्या फोनमध्ये जाऊन बसते. सिमकार्डाशी तिचा काहीही संबंध नाही. आमच्या विभागातल्या एका मुलीने दिवाळीत फोन बदलला, जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला आणि सिम नव्या फोनमध्ये घातलं. नंबर तोच, व्हॉट्सअ‍ॅप तेच, म्हणून तिला वाटलं सगळं आलं. जुन्नरला घरी बसून लॉगिन करायला गेली, तर अ‍ॅप रिकामं. किल्ली नव्याने घ्यायला ओळखपत्र घेऊन संगणक केंद्रात यायचं होतं आणि केंद्र सुट्टीनंतर उघडणार होतं. त्या आठ दिवसांत तिचं मशीन प्रयोगशाळेत चालू होतं, आकडे जमत होते, आणि तिला ते बघता येत नव्हते. फोनवर तिचा आवाज रडवेला झाला होता, तो मला अजून आठवतो.

म्हणून नोंदणी करताना तीन कामं एकदमच करा. पडद्यावर आलेले रिकव्हरी कोड (फोन हाताशी नसेल तेव्हा वापरायचे सुटे कोड) वहीत हाताने लिहून ठेवा; त्यांचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. परवानगी असेल तर दुसऱ्या उपकरणावरही नोंदणी करा, घरातल्या टॅबवर चालेल. आणि फोन बदलायचा असेल तर जुना हातात असतानाच ऑथेंटिकेटरमधली खाती नव्यात हलवा, नव्या फोनवरून एकदा लॉगिन करून बघा आणि मगच जुना द्या.

नोंदणीचं पान अनेक ठिकाणी फक्त कॅम्पसच्या नेटवर्कवरूनच उघडतं. तसं ठेवण्यामागे कारण आहे. बाहेरून कोणीही नोंदणी करू शकला, तर चोरलेल्या पासवर्डवर चोरच आपला फोन जोडून बसेल. पण म्हणूनच, परीक्षा संपवून गावाला जाणाऱ्या मुलांनो, एसटी पकडायच्या आधी हे काम झालेलं पाहिजे.

अ‍ॅप टाकताना

अ‍ॅप गूगलवर शोधून उतरवू नका. शोधाच्या निकालात वरच्या जाहिरातींत व्हीपीएन क्लायंटच्या नावाने बनावट पानं येतात आणि त्यातून पासवर्ड चोरणारी सॉफ्टवेअरं वाटली जातात. विद्यापीठाच्या पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिथली लिंक वापरा. बदलाच्या काळात ‘तुमचं व्हीपीएन आज रात्री बंद होत आहे, इथे क्लिक करून चालू ठेवा’ अशा मेलही येतात. परिपत्रक खरं आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून खोटी मेलही खरी वाटते. अशा मेलमधून कुठेही जाऊ नका. आणि तुम्ही लॉगिन करत नसताना फोनवर ‘मंजूर करा’ असा संदेश आला, तर नामंजूर करा आणि पासवर्ड लगेच बदला, कारण तो कोणाच्या तरी हाती लागलेला आहे.

लॅपटॉप विभागाचा असेल तर अ‍ॅप टाकायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. माझ्यासारख्या कोणाला तरी आधी गाठा, रविवारी फोनवरून ते देता येत नाहीत. लिनक्स वापरत असाल तर कंपनीच्या क्लायंटवाचूनही चालतं: ओपनकनेक्ट हे मोफत सॉफ्टवेअर सिस्कोच्या आणि ग्लोबलप्रोटेक्टच्या सर्व्हरशी बोलतं. तुमच्याकडच्या दोन पायऱ्यांच्या लॉगिनशी ते जमतं का, तेवढं आधी तपासा.

प्रोफाइलची (जोडणीची सगळी माहिती असलेली) फाइल देण्याची पद्धत असेल, तर ती फाइल म्हणजे घराची किल्ली समजा. एका प्रयोगशाळेत एकाने आपली ओपनव्हीपीएनची फाइल ग्रुपवर टाकली, ‘ही वापरा, चालते’ म्हणून. त्या दिवशी संध्याकाळपासून दोघांच्या तक्रारी सुरू झाल्या की जोडणी सारखी तुटते. एकाने इंटरनेटवाल्याला बोलावलं, दुसऱ्याने राऊटर बदलला. मी सर्व्हरची नोंद बघितली, तर एकच नाव दोन ठिकाणांहून आत येत होतं. एक जोडला गेला की सर्व्हर त्याच नावाच्या दुसऱ्याला बाहेर काढत होता. दुसऱ्याचं अ‍ॅप आपोआप पुन्हा जोडायला जायचं, की पहिला बाहेर. रात्रभर हेच चाललं होतं. माणूस नवा की फाइल नवी, यात तडजोड नको. एकाच माणसाचे लॅपटॉप दोन असतील तरी प्रत्येकाला वेगळी घेणं उत्तम.

घरी जाण्याआधीची चाचणी

कॅम्पसच्या वायफायवर बसून व्हीपीएन तपासू नका. तिथे तुम्ही आतच असता, त्यामुळे व्हीपीएन न चालताही सगळं उघडतं आणि खोटं समाधान मिळतं. लॅपटॉपचं वायफाय कॅम्पसपासून तोडा, आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू करा (फोनही मोबाईल डेटावर असला पाहिजे) आणि त्यावरून व्हीपीएन जोडा. आता तुम्ही खुर्चीत कॅम्पसवर आहात, पण नेटवर्कच्या दृष्टीने बाहेर. काही अडलं तर संगणक केंद्र चालत पाच मिनिटांवर आहे. मघाशी केलेली यादी काढा आणि एकेक गोष्ट उघडून बघा. नुसतं अ‍ॅपमध्ये हिरवं ‘कनेक्टेड’ दिसलं म्हणून उठू नका.

एज्युरोमवर चाचणी करणारेही भेटतात. एज्युरोम म्हणजे दुसऱ्या संस्थेत गेल्यावर आपल्या विद्यापीठाच्या आयडीवर मिळणारं वायफाय. आयसर किंवा आयुकात बसून ते जोडलं, तर तुम्ही त्या संस्थेच्या इंटरनेटवर असता. आपल्या विद्यापीठाच्या आत जायला तिथूनही व्हीपीएन लागतंच.

जोडलं गेलं, तरी पेपर उघडत नाही

आता ती चौथी गोष्ट. जुन्या सुविधेत बहुतेकदा तुमचं सगळं इंटरनेट विद्यापीठातून फिरून जायचं. प्रकाशकाच्या साइटला तुमचा पत्ता विद्यापीठाचा दिसायचा आणि पेपर आपोआप उघडायचा. नव्या सुविधेत फक्त कॅम्पसच्या पत्त्यांची वाहतूक व्हीपीएनच्या बोगद्यातून जाते आणि बाकीची तुमच्या घरच्या जोडणीवरून थेट, अशी रचना असू शकते. याला स्प्लिट टनेल म्हणतात. विद्यापीठाची लाइन यूट्यूब आणि सिस्टिम अपडेटमध्ये तुंबत नाही, तुमच्या व्हिडिओ मीटिंगही अडखळत नाहीत. मला ही रचना योग्यच वाटते. पण प्रकाशकाला मग तुमचा कोथरूडच्या ब्रॉडबँडचा पत्ता दिसतो आणि तो पैसे मागतो.

ओळखायला सोपं आहे. व्हीपीएन नसताना आपला आयपी पत्ता दाखवणारी कुठलीही साइट उघडा आणि आकडा टिपा. व्हीपीएन जोडून तीच साइट पुन्हा उघडा. आकडा तोच राहिला तर वाट विभागलेली आहे. जर्नल्ससाठी इन्फेडचा किंवा ग्रंथालयाच्या लॉगिनचा रस्ता धरा. आकडा बदलला तर सगळं विद्यापीठातून जातंय. काही संस्था अ‍ॅपमध्ये दोन वेगळी प्रोफाइलं ठेवतात. तसं असेल तर वाचनासाठी पूर्ण वाटेचं प्रोफाइल निवडा.

सगळं विद्यापीठातून जात असेल, तर घरच्या व्यवहारासाठी काम संपलं की व्हीपीएन तोडा. काही बँकिंग अ‍ॅप व्हीपीएन चालू असताना उघडतच नाहीत. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे संस्थांना आपल्या यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. साइट सुरक्षित असेल तर आत तुम्ही काय वाचलं ते त्या नोंदीत येत नाही, पण कोणत्या साइटवर गेलात ते कळू शकतं.

लॅबचं मशीन उघडायला गेलो, घरचा प्रिंटर उघडला

कर्वेनगरच्या फ्लॅटवर राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने सांगितलेली ही अडचण मी आधी खरी मानली नव्हती. व्हीपीएन जोडलेलं, क्लस्टर चालतंय, पण प्रयोगशाळेतल्या उपकरणाचं पान उघडायला १९२.१६८.१.४० हा पत्ता टाकला की रूममेटच्या प्रिंटरचं पान येतं: निळी शाई संपत आलीये, काडतूस बदला.

कारण असं की १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात. ते जगात कोणीही, कितीही ठिकाणी वापरू शकतं. विभागाने कधीकाळी प्रयोगशाळेला १९२.१६८.१ ची मालिका दिली होती, आणि घरच्या राऊटरनेही तीच दिलेली. लॅपटॉपच्या लेखी तो पत्ता शेजारच्या खोलीतला, मग तो बोगद्यात कशाला जाईल! घरच्या राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन लॅनची (घरातल्या नेटवर्कची) मालिका बदला, १९२.१६८.७७.१ असं काहीही द्या, आणि घरातली सगळी उपकरणं एकदा बंद-चालू करा. जिओ फायबरच्या राऊटरमध्ये मूळचीच १९२.१६८.२९ असते, त्यामुळे तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. राऊटर घरमालकाचा असेल आणि हात लावायची सोय नसेल, तर त्या कामापुरता मोबाईल हॉटस्पॉट वापरा.

बाकीच्या अडचणी

लॉगिन होतं, छोटी पानं उघडतात, पण मोठी फाइल उतरवताना किंवा रिमोट डेस्कटॉपवर पडदा गोठतो? बोगद्याच्या वेष्टनामुळे माहितीचं पाकीट मोठं होतं आणि वाटेत कुठेतरी अडकतं. व्हीपीएन जोडणीचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, १३०० च्या आसपास आणून बघा. नेटवर्कमध्ये तो सहसा १५०० असतो.

हॉटस्पॉटवर चालतं, पण पेठेतल्या अभ्यासिकेच्या किंवा कॅफेच्या वायफायवर जोडलंच जात नाही? अशी नेटवर्कं बहुधा फक्त वेब पानांची दारं उघडी ठेवतात. वायरगार्ड (ही आणखी एक व्हीपीएन पद्धत) आणि बहुतेक ओपनव्हीपीएन जोडण्या यूडीपी या वेगळ्या वाहतूक पद्धतीवर चालतात, ती दारं तिथे बंद असतात. अ‍ॅपमध्ये टीसीपी ४४३ चा, म्हणजे सुरक्षित वेब पानांच्याच दाराचा, पर्याय असेल तर तो घ्या. थोडं हळू चालेल, पण चालेल.

कोड बरोबर टाकूनही चुकीचा म्हणतं? फोनची वेळ आपोआप घेण्यावर ठेवा. वेळेतला फरक फार झाला की कोड जुळत नाही. लॅपटॉपवर सर्व्हरच्या ओळखीच्या प्रमाणपत्राची तक्रार आली, तर लॅपटॉपची तारीख बघा. मदरबोर्डची छोटी बॅटरी गेलेला जुना लॅपटॉप चार्जर काढला की अनेक वर्षं मागे जातो, आणि त्याच्या लेखी सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून जन्मलेलंही नसतं.

क्लस्टरवर लांब चालणारं काम सोडताना ते टीमक्स किंवा स्क्रीन या क्लस्टरवरच्या प्रोग्रॅममध्ये सुरू करा, किंवा रांगेत घाला. लाईट गेली, व्हीपीएन तुटलं, तरी काम चालू राहतं. नव्या सुविधेत ठरावीक तासांनी जोडणी आपोआप तुटते आणि पुन्हा कोड मागते, त्यामुळे ही सवय आता लावाच.

मदत मागताना ‘व्हीपीएन चालत नाही’ एवढंच लिहू नका. हे लिहा: ‘काल रात्री ९.४० ला, कोथरूडहून, घरच्या ब्रॉडबँडवर, विंडोज ११. अ‍ॅप जोडलं जातं, १० ने सुरू होणारा पत्ता मिळतो. क्लस्टर उघडतं, विभागाचा फाइल सर्व्हर उघडत नाही. मोबाईल हॉटस्पॉटवरही तसंच. संदेशाचा फोटो जोडला आहे.’ अशी मेल आली की मी ती पहिली उघडते, कारण उत्तर निम्मं तिच्यातच असतं.

बंदच्या तारखेनंतर

आमच्याकडच्या एका निवृत्त सरांचा लॅपटॉप विंडोज ७ चा. नवा क्लायंट त्यावर बसेना. सर म्हणाले, ‘‘जुनंच आणखी सहा महिने माझ्यापुरतं चालू ठेवता येणार नाही का?’’ नाही ठेवता येत. एका माणसासाठी उघडं ठेवलेलं दार सगळ्यांसाठीच उघडं असतं. पण त्यांना काय लागतं ते बसून विचारलं, तेव्हा कळलं की त्यांना फक्त जर्नल्स वाचायची आहेत. ग्रंथालयातून त्यांचं खातं चालू करून घेतलं आणि ब्राउझरमधून लॉगिन कसं करायचं ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. व्हीपीएनचा विषयच उरला नाही.

तारीख गेली की जुना क्लायंट आणि त्याचं प्रोफाइल लॅपटॉपवरून काढून टाका. दोन क्लायंट एकत्र राहिले की एकमेकांच्या नेटवर्क सेटिंगमध्ये हात घालतात. उसन्या घेतलेल्या किंवा लॅबमधल्या सामाईक लॅपटॉपवर तुमचा पासवर्ड साठवलेला राहिला असेल, तर तोही काढा. आणि विभागाच्या ग्रुपवर अंगठ्याऐवजी एक ओळ टाका: कोणत्या लॅपटॉपवर, कुठल्या नेटवर्कवरून, काय चाललं. बार्शीहून फोन करणाऱ्याला रात्री साडेदहाला तीच ओळ हवी असते.